दुसऱ्याचे शरीर आणि रुग्णाची नजर : अनोरेक्सिया नर्व्होसा व मराठी पडद्यावरील देहचित्रण

गोषवारा

अनोरेक्सिया नर्व्होसा या विकारात रुग्णाला स्वतःचे शरीर आहे त्यापेक्षा स्थूल वाटते, ही गोष्ट आता सुशिक्षित समाजात बऱ्यापैकी परिचित आहे. त्याच रुग्णाला दुसऱ्याचे शरीर कसे दिसते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात या प्रश्नावरील मानसशास्त्रीय संशोधनाचा आढावा घेऊन, त्या प्रकाशात शरीर व मनोविकार यांविषयीच्या काही मराठी चित्रपट-मालिकांची समीक्षा केली आहे. रुग्णाची दुसऱ्याकडे पाहणारी नजर बव्हंशी शाबूत असते आणि नेमक्या त्यामुळेच विकार घरच्यांच्या लक्षात येत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : अनोरेक्सिया नर्व्होसा, शरीरप्रतिमा, नजर, तुलना, मराठी चित्रपट, मालिका.

१. प्रस्तावना

'दृष्टी तशी सृष्टी' अशी म्हण मराठीत रूढ आहे. पाहणाऱ्याची नजर जशी असेल तसे त्याला जग दिसते, असा तिचा सरळ अर्थ होय. मानवी मनाच्या बहुतेक व्यवहारांना ही म्हण लागू पडते. परंतु काही मनोविकार असे आहेत की जिथे ती अपुरी ठरते. अनोरेक्सिया नर्व्होसा हा त्यांपैकी एक. येथे दृष्टी एकच असते, पण तिच्यापुढे दोन सृष्टी उभ्या राहतात. एक स्वतःच्या देहाची व दुसरी इतरांच्या देहांची. या दोहोंना लावलेले माप एक नसते.

मराठी भाषक समाज दुसऱ्याच्या शरीराविषयी फार मोकळेपणाने बोलतो. 'खात्यापित्या घरची', 'अंगाने भरली', 'वाळून काडी झाली', 'काडीपैलवान', 'हवा मानवली' हे शब्दप्रयोग आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. लग्नघरात, एस.टी. स्थानकावर, लोकलच्या महिला डब्यात भेट झाली की पहिले वाक्य बहुधा शरीरावरच येते. 'किती बारीक झालीस गं!' हे वाक्य आजीच्या तोंडी काळजीचे असते. तेच वाक्य महाविद्यालयातील मैत्रिणीच्या तोंडी कौतुकाचे होते. शब्द तेच राहिले, त्यांची किंमत मात्र दोन पिढ्यांत उलटली. ज्या घरात आजी व नात एकत्र राहतात, तिथे हे एकच वाक्य एकाच दिवशी दोन्ही अर्थांनी ऐकू येते.

दहिवलीसारख्या गावात हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. उल्हास नदीच्या एका काठावर कर्जत व दुसऱ्या काठावर दहिवली. अवतीभवती भातशेती, आणि डोंगरउतारावर ठाकूर व कातकरी समाजाच्या वाड्या. अशा परिसरात अन्न नाकारण्याच्या विकाराची चर्चा करणे म्हणजे भरल्या पोटीचा उद्योग, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. परंतु याच परिसरातून दररोज शेकडो विद्यार्थिनी व नोकरदार स्त्रिया लोकलने बदलापूर, कल्याण व मुंबईकडे जातात, हातातील मोबाईलवर तीच छायाचित्रे पाहतात, आणि घरी परतल्यावर त्याच ताटावर बसतात. विकाराची वाट गाव पाहून ठरत नाही. म्हणून हा आक्षेप गंभीरपणे विचारात घेऊन पुढे जाणे क्रमप्राप्त ठरते.

२. विकाराची ओळख व भारतीय संदर्भ

'अनोरेक्सिया' या ग्रीक मुळाच्या शब्दाचा अर्थ भूक नसणे असा होतो. हे नाव काहीसे दिशाभूल करणारे आहे, कारण या विकारात भूक बहुधा मेलेली नसते. ती निर्धाराने दाबलेली असते. लंडनचे वैद्य सर विल्यम गल यांनी १८७३ मध्ये व्याख्यानातून मांडलेल्या व १८७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधातून हे नाव रूढ झाले. त्याच सुमारास, १८७३ मध्ये, फ्रान्समध्ये शार्ल लासेग यांनी अशाच रुग्णांचे वर्णन केले होते. मात्र शरीर दिसण्याचा प्रश्न या विकाराच्या केंद्रस्थानी आणला तो हिल्डे ब्रुख यांनी. १९६२ च्या त्यांच्या निबंधापासून 'शरीरप्रतिमेतील बिघाड' ही या विकाराची मुख्य खूण मानली जाऊ लागली. आरशासमोर उभी असलेली कृश मुलगी आणि आरशात दिसणारी स्थूल आकृती, हे चित्र जगभरच्या जाहिरातींतून व चित्रपटांतून पुढे इतके फिरले की विकार म्हणजे हेच चित्र, असा समज दृढ झाला.

भारतीय अनुभव या चित्राशी पूर्णपणे जुळत नाही. सुधीर खंडेलवाल, प्रताप शरण व शेखर सक्सेना यांनी १९९५ साली पाच भारतीय रुग्णांचे वृत्त प्रसिद्ध केले. त्यांत अन्न नाकारणे व वजन लक्षणीयरीत्या घटणे ही लक्षणे होती. परंतु पाश्चात्त्य ग्रंथांत वर्णिलेला शरीरप्रतिमेचा बिघाड ठळकपणे आढळला नाही. हाँगकाँगमध्ये सिंग ली यांनीही त्याच दशकात स्थूलतेचे भय व्यक्त न करणाऱ्या रुग्णांकडे लक्ष वेधले. 'पोट फुगते', 'घास उतरत नाही', 'इच्छाच होत नाही' अशी कारणे हे रुग्ण सांगत. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत वजन वाढण्याच्या भयाबरोबरच, वजनवाढ रोखणारे सातत्याचे वर्तन हाही पर्यायी निकष मान्य झाला. बंगळुरू येथील मनोविकारतज्ज्ञांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात सुमारे दोन-तृतीयांश तज्ज्ञांनी आहारविकाराचा किमान एक तरी रुग्ण पाहिल्याचे सांगितले. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. हा विकार आपल्याकडे आहे, आणि तो नेहमी आरशाच्या भाषेत बोलतोच असे नाही.

३. दार, खांदा आणि दुसऱ्याचे शरीर

रुग्णाची नजरच सदोष असेल, तर तिला इतर माणसेही फुगलेली दिसावयास हवीत. ही शंका संशोधकांना लवकरच आली. पीटर स्लेड व जेराल्ड रसेल यांनी १९७३ साली रुग्णांना शरीराच्या वेगवेगळ्या भागांच्या रुंदीचा अंदाज करावयास सांगितले. स्वतःच्या शरीराची रुंदी त्यांनी वाढवून सांगितली. निर्जीव वस्तूंच्या आकाराचे अंदाज मात्र बरेचसे योग्य निघाले. दोष डोळ्यांत नाही, एवढे त्यावरून सिद्ध झाले.

पुढील महत्त्वाचा टप्पा फ्रान्समधील गार्दिया व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१२ च्या प्रयोगाचा. त्यात २५ रुग्ण व २५ निरोगी व्यक्ती यांना दारासारख्या निरनिराळ्या रुंदीच्या फटी दाखवण्यात आल्या. 'खांदे न वळवता तुम्ही यातून जाऊ शकाल काय?' हा पहिला प्रश्न होता, आणि 'खोलीत उपस्थित असलेली ही दुसरी व्यक्ती यातून जाऊ शकेल काय?' हा दुसरा. स्वतःविषयी सांगताना रुग्णांनी गरजेपेक्षा अधिक रुंद दार मागितले. दुसऱ्या व्यक्तीविषयी सांगताना मात्र त्यांचे अंदाज निरोगी व्यक्तींसारखेच होते. नेदरलँड्समधील अनूक कायझर व सहकाऱ्यांनी २०१३ साली हीच गोष्ट प्रत्यक्ष चालण्यातून तपासली. प्रयोगाचा हेतू ठाऊक नसलेल्या रुग्णांना दारांतून चालावयास लावले, तेव्हा दार खांद्यांच्या रुंदीपेक्षा ४० टक्के रुंद असतानाही त्या अंग वळवू लागल्या. निरोगी स्त्रियांमध्ये हे प्रमाण २५ टक्के होते. रुग्णाचा देह जणू आपल्या जुन्या किंवा भयातल्या आकारानेच वावरत असतो.

जर्मनीतील मोल्बर्ट व सहकाऱ्यांचा २०१८ चा अभ्यास याला वेगळे वळण देतो. संगणकाच्या साहाय्याने प्रत्येक स्त्रीच्या शरीराची हुबेहूब आकृती तयार करून तिच्यापुढे ठेवण्यात आली. आपला खरा आकार ओळखण्यात रुग्ण व निरोगी गट यांत मोठा फरक दिसला नाही. 'कोणते शरीर हवेसे वाटते?' या प्रश्नाच्या उत्तरात मात्र फरक ठळक होता. रुग्णांना हवे असलेले शरीर फार कमी वजनाचे होते. या निष्कर्षांचा मेळ असा घालता येईल की, स्वतःचे शरीर बाहेरून, एखाद्या दुसऱ्याच्या शरीरासारखे पाहावयास मिळाले तर रुग्णाचा अंदाज पुष्कळसा सावरतो; तेच शरीर घेऊन दारातून जावयाचे असेल किंवा त्याची किंमत ठरवावयाची असेल, तेव्हा तो ढळतो.

मग दुसऱ्याच्या शरीराचे काय होते? ते नीट दिसते, पण निवडून पाहिले जाते. माॅस्ट्रिख्ट येथील अनिता यान्सन व सहकाऱ्यांनी २००५ साली डोळ्यांच्या हालचाली टिपून दाखवून दिले की, आहारविकाराची लक्षणे असलेल्या स्त्रिया स्वतःच्या छायाचित्रात न आवडणाऱ्या भागांवर नजर रोखतात आणि दुसऱ्या स्त्रीच्या छायाचित्रात तिच्या सुंदर भागांवर. निरोगी स्त्रियांचे याच्या नेमके उलट होते. त्या स्वतःतील चांगले व दुसऱ्यातील उणे पाहतात. आपण ज्याला निरोगी मन म्हणतो त्यात स्वतःविषयीचा थोडा पक्षपात अंतर्भूत असतो, असा याचा एक अर्थ निघतो. रुग्णाच्या ठायी हा पक्षपात दुसऱ्याच्या पारड्यात पडलेला असतो.

या विषयावरील सर्व अभ्यास एकमुखी नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. काही अभ्यासांत रुग्णांनी इतर स्त्रियांच्या शरीरांबाबतही कठोर मूल्यमापन केल्याचे दिसते. तथापि स्वतःविषयीचा ढळलेला अंदाज व इतरांविषयीचा सावरलेला अंदाज यांतील अंतर वारंवार आढळते, आणि तेच येथे महत्त्वाचे आहे.

४. मोजपट्टीचा प्रश्न

प्रत्येक नजर कोणत्या तरी मापाने पाहते. पियर्स कॉर्नेलिसन, मार्टिन टोव्हे व सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवून दिले की, कोणतेही शरीर पाहताना आपण मनातील एका सरासरी शरीराशी त्याची तुलना करतो. त्या सरासरीच्या जवळची शरीरे आपण बरोबर जोखतो. फार कृश शरीर आपल्याला वास्तवापेक्षा जाड वाटते, आणि फार स्थूल शरीर वास्तवापेक्षा बारीक. हा नियम रुग्ण व निरोगी दोघांनाही लागू आहे. म्हणजे रुग्णाच्या अंदाजातील काही चूक सर्वांच्याच अंदाजात असणारी आहे. केवळ तिचे शरीर सरासरीपासून दूर गेल्याने ती चूक मोठी दिसते.

हा नियम समजण्यासाठी परदेशी प्रयोगशाळेपर्यंत जाण्याची गरज नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तेव्हापासून अंगणवाडीत मुलांची वजने घेतली जातात, आणि अलीकडे सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांच्या दंडाचा घेर रंगीत पट्टीने मोजला जातो. घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर पट्टी लाल भाग दाखवते, ११.५ ते १२.५ मध्ये पिवळा, त्यापुढे हिरवा. ही पट्टी का लागते? कारण ज्या वाडीत बहुतेक मुले लहानखुरी असतात, तिथे कुपोषित मूलही आईच्या डोळ्यांना इतर मुलांसारखेच दिसते. 'सगळ्यांची पोरं अशीच हायेत' असे ती म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांत दोष नसतो. तिच्या डोळ्यांपुढील सरासरीच खाली आलेली असते. कर्जत व खालापूर तालुक्यांतील आदिवासी वाड्यांवर काम करणाऱ्या अंगणवाडी सेविकांना ही बाब नवी नाही.

लादलेली उपासमार व विकारातून आलेली उपासमार यांची तुलना सावधपणे करावयास हवी. एकीचे मूळ दारिद्र्यात, दुसरीचे आजारात. दोहोंना एका रांगेत बसवणे दोघांवरही अन्याय करणारे ठरेल. परंतु एका बाबतीत त्या एकमेकींवर प्रकाश टाकतात. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर, त्यांच्या संमतीने, अर्धउपासमारीचा प्रयोग केला. सहा महिन्यांच्या अल्पाहारानंतर हे तरुण पाककृतींची पुस्तके वाचू लागले, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, आणि त्यांना आपण कृश झालो असे वाटण्याऐवजी इतर माणसे फार जाड वाटू लागली, अशी नोंद आहे. या तरुणांना कोणताही मनोविकार नव्हता. उपासमारीने त्यांच्या मनातील मापच सरकवले होते. यावरून असे म्हणता येते की, दुसऱ्याच्या शरीराविषयीची काही वक्तव्ये ही रुग्णाच्या स्वभावाची नसून उपाशी मेंदूची असतात. 'ती सगळ्यांना नावे ठेवते' असा ठपका ठेवण्यापूर्वी घरच्यांनी हे ध्यानात घेतले पाहिजे.

५. मराठी पडद्यावरील दोन प्रवाह

या पार्श्वभूमीवर मराठी पडद्याकडे पाहिले असता दोन स्वतंत्र प्रवाह दिसून येतात.

पहिला प्रवाह मनोविकारांना आतून पाहणाऱ्या चित्रपटांचा. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर या दिग्दर्शकद्वयीच्या तीन चित्रपटांचा येथे उल्लेख अपरिहार्य आहे. 'देवराई' (२००४) मध्ये स्किझोफ्रेनिया, 'अस्तु' (२०१३) मध्ये स्मृतिभ्रंश व 'कासव' (२०१६) मध्ये नैराश्य हे विषय आहेत. 'कासव'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'देवराई'तील शेष (अतुल कुलकर्णी) याला रान कसे दिसते, ऐकू येते, हे प्रेक्षकाला त्याच्या बाजूने अनुभवावे लागते. त्याची बहीण सीना (सोनाली कुलकर्णी) हिच्या नजरेतून आपण त्याला पाहतो, आणि त्याच्या नजरेतून जग. ही दुहेरी नजर या दिग्दर्शकांचे मोठे बलस्थान होय. रुग्ण हा केवळ पाहिला जाणारा नसून पाहणाराही आहे, याची जाणीव मराठी प्रेक्षकाला या चित्रपटांनी करून दिली. मात्र या तिन्ही चित्रपटांत विकाराचे रणांगण स्मृती, भास व इच्छाशक्ती हे आहे. देहाचा आकार नाही.

दुसरा प्रवाह शरीराच्या आकाराला विषय करणाऱ्या कृतींचा. सचिन कुंडलकर दिग्दर्शित 'वजनदार' (२०१६) हा चित्रपट पाचगणीत घडतो. कावेरी (सई ताम्हणकर) व पूजा (प्रिया बापट) या दोघी वजन उतरवण्यासाठी नाना उपाय करतात. या भूमिकांसाठी दोन्ही अभिनेत्रींनी वजन वाढवले होते. त्यानंतर दूरचित्रवाणीवर 'सुंदरा मनामध्ये भरली' (कलर्स मराठी, २०२०) व 'येऊ कशी तशी मी नांदायला' (झी मराठी, २०२१) या मालिकांनी स्थूल नायिकेला घराघरांत पोहोचवले. अक्षया नाईक यांची लतिका व अन्विता फलटणकर यांची स्वीटू यांना मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. ज्या पडद्यावर स्थूल स्त्री दीर्घकाळ केवळ विनोदासाठी येत असे, तिथे तिला नायिकेचे स्थान मिळाले, ही या कृतींची ऐतिहासिक कामगिरी मान्य केली पाहिजे.

तथापि समीक्षकाने विचारावयाचा प्रश्न असा की, या कृतींत शरीराकडे कोण पाहते? शरीर पाहणारे डोळे बहुतांशी बाहेरचे आहेत. लग्न जुळवणारे नातेवाईक, सासरची मंडळी, शेजारपाजार. नायिका पाहिली जाते, तोलली जाते, दुखावली जाते आणि अखेरीस स्वीकारली जाते. ती स्वतः दुसऱ्या स्त्रियांच्या शरीरांकडे कशी पाहते, हे कथानकाच्या दृष्टीने गौण राहते. पडद्यावर तिच्या अवतीभवती वावरणारी बारीक शरीरे ही जणू घरातील फर्निचरासारखी स्वाभाविक मानली जातात. ती मोजपट्टी आहेत, पण मोजपट्टी म्हणून त्यांच्याकडे कुणी बोट दाखवत नाही. त्यामुळे या कृतींचा संदेश 'आहे तशी मी सुंदर आहे' एवढ्यावर थांबतो. हा संदेश मोलाचा आहे. परंतु ज्या मुलीला दुसऱ्या प्रत्येकीचे शरीर सुंदर दिसते व फक्त स्वतःचे दिसत नाही, तिला तो पुरत नाही. सगळी शरीरे सुंदर असतात हे तिला मान्यच असते. अपवाद तिचा एकटीचा असतो.

'वजनदार'चे एक वैशिष्ट्य मात्र या संदर्भात नोंदवण्याजोगे आहे. त्यात शरीराचे दुःख दोघींमध्ये वाटले गेले आहे. एकीच्या शेजारी दुसरी आहे, तिचीही तीच धडपड आहे. दुसऱ्याचे शरीर येथे तुलनेचे माप न राहता सोबतीचे निमित्त होते. हास्यरसाच्या आवरणाखाली चित्रपटाने जी वाट किंचित उघडली, तिच्यावर पुढे जाणे शक्य होते. मालिकांच्या रचनेत मात्र नायिका पुन्हा एकटी पडली आणि तिच्या देहाचा निवाडा पुन्हा विवाहाच्या दालनात गेला.

या कृतींत हे दोन प्रवाह एकमेकांना भेटत नाहीत. एकात रुग्णाची नजर आहे पण देहाचा आकार नाही. दुसऱ्यात देहाचा आकार आहे पण पाहणाऱ्या मनाचा आजार नाही. आहारविकाराचे कथानक या दोहोंच्या संगमावर उभे राहते. उद्या कुणी मराठी दिग्दर्शक वा कादंबरीकार या विषयाकडे वळला, तर त्याला आरशाचा परदेशातून आलेला प्रसंग टाळावा लागेल. पाठीमागे वळून दारातून अंग चोरून जाणारी मुलगी, लोकलमध्ये समोर बसलेल्या बाईचे मनगट न्याहाळणारी मुलगी, ही दृश्ये संशोधनाशी अधिक प्रामाणिक व आपल्या जगण्याला अधिक जवळची ठरतील.

६. पंगत, आग्रह आणि न दिसणारा आजार

दहिवलीच्या वाचकाला मनोविकार अपरिचित नाही. जवळच वेणगाव येथे श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचे केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवण्याच्या कार्यासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जटा वाढलेला, मळक्या कपड्यांतला रुग्ण लोकांना दिसतो, आणि दिसल्यावर कुणीतरी मदतीला धावते. घरातल्या स्वयंपाकघरात, नीटनेटक्या पोशाखात, सर्वांना वाढत असलेला रुग्ण मात्र दिसत नाही.

या न दिसण्यामागे आपल्या भोजनपद्धतीचाही हात आहे. अनेक घरांत आजही पुरुष व मुले आधी जेवतात आणि वाढणारी स्त्री मागाहून बसते. ती काय जेवली, किती जेवली, हे पाहणारे तेव्हा कुणी उरलेले नसते. आहारविकाराचे रुग्ण इतरांसाठी मन लावून स्वयंपाक करतात, आग्रहाने वाढतात, हे वैद्यकीय निरीक्षण आहे. मिनेसोटातील उपाशी तरुणांचे पाककृतींचे वेडही याच जातीचे. आपल्या संस्कृतीत आग्रहाने वाढणे हा सद्गुण असल्यामुळे हे लक्षण लक्षण म्हणून ओळखलेच जात नाही. त्यात सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी अशा उपवासांची जोड मिळाली की ताट टाळण्यास धार्मिक आधारही सापडतो. उपवास हा विकार नव्हे, हे उघड आहे. परंतु उपवास सोडण्याची वेळ टळू लागली, वारांची संख्या वाढू लागली, तर त्याकडे श्रद्धेचा विषय म्हणूनच पाहत राहणे धोक्याचे होय.

येथेच दुसऱ्याच्या शरीराविषयीची शाबूत नजर घातक ठरते. अशी मुलगी धाकट्या भावाकडे पाहून 'किती वाळलाय, त्याला दूध द्या' असे म्हणते, आणि ते खरे असते. आजारी मावशीचे वजन उतरल्याचे तिच्याच आधी लक्षात येते. घरच्यांना वाटते, हिला सगळे कळते. मग स्वतःचे कळत नाही हे कसे? यातून 'हट्टी आहे', 'नखरे करते', 'लक्ष वेधून घेते' असे निष्कर्ष निघतात. समज शाबूत आहे म्हणून आजार नाही, हा तर्क मुळातच चुकीचा आहे. दुसऱ्याविषयीची समज व स्वतःविषयीची समज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा विकार त्यांपैकी दुसरीवरच घाला घालतो. मनोविकारांमध्ये ज्या विकारांत मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक आहे, त्यांत या विकाराची गणना होते. त्यामुळे हा गैरसमज केवळ बौद्धिक चूक राहत नाही. उपचाराचे मोलाचे महिने त्यात वाया जातात.

७. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) अनोरेक्सिया नर्व्होसाच्या रुग्णाची दृष्टी सरसकट विपरीत नसते. दुसऱ्याच्या शरीराचा आकार ती बहुधा योग्य जोखते. ढळतो तो स्वतःच्या शरीराचा अनुभव व त्याची किंमत.

२) दुसऱ्याचे शरीर हे रुग्णासाठी माप बनते. त्यातील उत्तम तेवढे निवडून, स्वतःतील उण्याशी त्याची तुलना केली जाते. उपासमार वाढत गेली की हे मापही सरकते.

३) मराठी पडद्यावर मनोविकाराला आतून पाहणारा व शरीराच्या आकाराला सन्मान देणारा असे दोन समृद्ध प्रवाह आहेत. येथे विचारात घेतलेल्या कृतींत त्यांची गाठ पडलेली नाही. ती पडणे ही या विषयावरील भावी मराठी कलाकृतीची पहिली अट राहील.

४) घरातील, वर्गातील व प्रवासातील बोलण्यात तिसऱ्या व्यक्तीच्या शरीरावर केलेली टिप्पणी निरुपद्रवी नसते. 'तिला बघ, कशी सडपातळ आहे' हे वाक्य ऐकणारीच्या मनात मोजपट्टी म्हणून उरते. शिक्षकांनी व पालकांनी ही सवय जाणीवपूर्वक सोडणे आवश्यक आहे.

५) अंगणवाडी सेविका डोळ्यांवर विसंबत नाही, पट्टी लावते. महाविद्यालयीन मुलींच्या बाबतीतही 'दिसायला तर बरी आहे' या अंदाजावर न राहता जेवण टाळणे, मासिक पाळीतील बदल, सतत थंडी वाजणे व झपाट्याने घटणारे वजन या खुणांकडे लक्ष देऊन वेळीच डॉक्टरांचा सल्ला घेणे इष्ट ठरते. २०२२ पासून सुरू असलेल्या टेलि-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

दृष्टी बदलली की सृष्टी बदलते, असा उपदेश अशा रुग्णाला करून उपयोग होत नाही. तिची दृष्टी दुसऱ्यांवर वळली की ती चांगलीच असते. ज्या मायेने व अचूकपणे ती धाकट्या भावाचे वाळलेले मनगट पाहते, त्याच नजरेने तिला स्वतःचे मनगट पाहता यावे, एवढेच उपचाराचे ध्येय असते. ते साधेपर्यंत तिच्या वतीने तिच्याकडे नीट पाहण्याची जबाबदारी इतरांची आहे.